तेजाब वाढलं

चि. वासू आणि चि. यमू यांस आजीचे अनेक आशीर्वाद.

वासूचा प्रश्न गेल्या टपालाने पोचला. रंगूनच्या शाळेत मास्तरांनी पाण्यात विजेच्या दोन तारा सोडून त्याचे दोन वायू करून दाखवले. वर्गातल्या सगळ्यांनी बुडबुडे पाहिले; वासूने भांड्याला हात लावून पाहिला, तर भांडे कोमट. वीज पाणी फोडायला लावली होती, मग ती तापवण्याच्या कामी कुणी लावली, असे त्याने विचारले. मास्तर म्हणाले, थोडे तापायचेच. वासूचे समाधान झाले नाही, म्हणून प्रश्न समुद्र ओलांडून आजीकडे आला.

मी इंग्रजी शाळेत शिकले असले तरी दोन वर्षांपूर्वी मलाही मास्तरांपेक्षा वेगळे उत्तर देता आले नसते. पण मध्यंतरी मी खोपोलीला अण्णांकडे जाऊन आले. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, तुमच्या वडिलांचे मामा. कर्जत स्टेशनात ते तारमास्तर होते. नोकरी संपल्यावर घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला घर करून राहिले. त्या प्रवासाची हकीगत मी तुमच्या वडिलांना चार ओळींत कळवली होती. सविस्तर लिहिले नाही, कारण त्यांना बुडबुड्यांत कधीच गोडी नव्हती. आता विचारणारे कुणी निघाले आहे, तेव्हा सगळे क्रमाने लिहिते.

कर्जत

निघाले ते अण्णांना मुंबईला आणण्यासाठी. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. डावा डोळा जवळजवळ गेलाच होता, उजव्याला धुक्यातून पाहावे तसे दिसे. मुंबईचे डॉक्टर उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करायला तयार होते; मात्र दृष्टी येईलच अशी हमी ते देत नव्हते. अण्णा काही यायला तयार नव्हते. "आधी माझा दिवा लागू दे" एवढेच उत्तर येई. दसरा झाला, आणि तुमचे आजोबा म्हणाले, "तूच जा. चार दिवसांत घेऊन ये." ते चार दिवस कसे लांबले ते पुढे कळेलच.

आगगाडीचे काही सांगत नाही. मात्र कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून दुसरे इंजिन लावतात, ते जोडताना मी पाहत उभी राहिले, आणि तेवढ्यात खोपोलीचे डबे निघून गेले. फलाटावर मी आणि माझी वळकटी. ज्या इंजिनाशी मला काही कर्तव्य नव्हते ते पाहण्यात माझी गाडी गेली. हे ऐकून तुमचे आजोबा अजून हसतात.

शेवटी खोपोलीच्याच धोंडू नावाच्या गाडीवानाची बैलगाडी मिळाली. त्याने विचारले, "खोपोलीत कुणाकडं?" मी सांगितले.

"तारमास्तरांची भैन का तुमी! बसा, बसा. मास्तर पाणी जाळतात म्हणं. आमचं भात अजून खाचरात हाय बाई, तवर नका जाळू म्हणावं."

मी म्हटले, "जाळत नाहीत रे, फोडतात."

"फोडा, जाळा, काय बी करा. पर एक सांगा, फोडल्यावर पाणी जातं कुठं?"

मी म्हटले, हवेसारखे होऊन जाते. त्याने बैलांना हाकारले. मग म्हणाला, "मास्तर भला माणूस हाय." या दोन वाक्यांचा संबंध त्याच्या मनात काय होता ते मी विचारले नाही.

पळसदरीच्या पुढे दोन्ही बाजूंना पिवळे पडू लागलेले भात, मधूनमधून काळे खडक, आणि डावीकडे सह्याद्रीची भिंत. पावसाने धुतलेली हवा इतकी स्वच्छ होती की राजमाचीचे दोन्ही किल्ले हाताला लागतील असे वाटे. आमच्या गिरगावात आकाश दोन घरांच्या मधले तेवढेच. इथे ते ठेवायला जागा पुरत नव्हती.

वाटेत उजवे चाक किंचाळू लागले. धोंडूने उतरून आसाला बोट लावले आणि झटकले. "तापलाय बघा. बैलांचं निम्मं बळ आसाच्या पोटात चाललंय. बाई, तुमच्यापाशी वाईच त्याल हाय का?"

होते. वहिनींच्या दिवाळीसाठी सुवासिक तेलाची बाटली मी जपून आणली होती. त्यातले निम्मे त्या आसाला गेले, आणि उरलेली वाट आमची गाडी वाळ्याच्या अत्तराचा वास पसरत चालली. "आता बैल बी नवरदेव झालं," धोंडू म्हणाला.

खोपोली

संध्याकाळी पोचलो. समोर नागफणीचा सुळका, त्याच्या अंगावरून आगगाडीचा धूर हळूहळू वर सरकत होता. अण्णा ओटीवर बसले होते. त्यांनी मान वळवली, पण माझ्याकडे नव्हे, माझ्या शेजारच्या खांबाकडे. "कृष्णा का गं? खोकला आपल्या घरातला वाटला."

मी खांबाच्या जागी जाऊन उभी राहिले, म्हणजे ते बरोबर पाहत आहेत असे झाले.

वहिनींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लगेच बजावले, "वन्सं, इथे आहात तोवर एक पाळा. पाणी फोडतात म्हणू नका. वाढवतात म्हणावं. नारळ आपण वाढवतो ना, तसं." आमच्या मुंबईच्या घरी आता कुणी इतके पाळत नाही; पण पाहुणीने यजमानाचे शब्द वापरावेत, म्हणून मी हो म्हटले.

जेवायला वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी आणि ताक होते. अळूवड्यांची मी आठवण काढली तर वहिनी खट्टू झाल्या. "अळू जळालं हो यंदा. परसात बघा, नुसता काळा डाग. कुणाची दृष्ट लागली कोण जाणे." बिरड्याची चव मात्र अशी होती की मी अळू विसरले.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी आपले यंत्र दाखवले. माजघरालगतच्या पडवीत एक चिनी मातीची रुंद बरणी, तीत तेजाब मिसळलेले पाणी. नुसत्या पाण्यातून वीज नीट जात नाही. गंधकाचे तेजाब घातले की वाट मोकळी होते. बरणीत चहाच्या पेटीतल्या शिशाचे दोन पत्रे उभे केलेले, प्रत्येकावर कंदिलाची काचेची चिमणी, आणि चिमणीच्या तोंडातून रबरी नळी एका पालथ्या तांब्याच्या हंड्याखाली गेलेली. हंडे पाण्याच्या पिंपांत बुडवलेले. वायू भरेल तसा हंडा वर उठे. एका हंड्यात हायड्रोजन, दुसऱ्यात ऑक्सिजन, आणि पहिला दुसऱ्याच्या दुप्पट उठे. वीज होती तारघरात असते तशीच: जस्त, तांबे आणि मोरचूद घातलेल्या बरण्यांची रांग. त्या बरण्यांना वहिनी 'घट' म्हणत आणि रोज सकाळी फूल वाहत.

दोन्ही वायू एकत्र जाळून ती ज्योत कळीच्या चुन्याच्या कांडीवर सोडली, की चुना पांढराशुभ्र तेजाळतो. मुंबईच्या नाटकगृहांत असा दिवा मी पाहिला होता. अण्णांना तो स्वतःच्या हाताने, पाण्यातून काढायचा होता.

"पण आधी डोळे, मग दिवा, असं का नाही?" मी विचारले.

"डॉक्टर हमी देतात का?"

"नाही."

"मग? शस्त्रक्रिया फसली तर दिवा लावून उपयोग काय? आज मला उजेड आणि अंधार कळतो. एवढ्यात एकदा माझा उजेड बघू दे. मग कापा डोळा नाहीतर मान."

पण वायू साठेना. दसऱ्याआधी हायड्रोजनचा हंडा दिवसाकाठी वीतभर उठत होता. आता चार बोटेसुद्धा उठत नव्हता. अण्णांनी घट वाढवत नेले होते. जस्त भराभर झिजत होते. बरणी तापत होती. आणि हंडा जागचा हलत नव्हता.

वासू, तुझ्या प्रश्नाचे उत्तर अण्णांनी मला त्या पडवीत दिले. "एक घट लाव, काही होत नाही. दोन लाव, काही नाही. तीन लावलेस की एखादा बुडबुडा सुटतो. विजेचा ठरावीक धक्का मिळाल्याशिवाय पाणी वायूत सुटतच नाही. तेवढा धक्का वाया गेला म्हणायचा नाही, तो वायूत जाऊन बसतो आणि वायू जळताना परत मिळतो. त्याच्यावर जेवढं द्यावं लागतं तेवढी गळती. ती कुठे आहे ते शोधायचं." त्यांनी माझा हात धरून एकेक जागा दाखवली. तारांचे सांधे सैल असले तर तिथे गळती. पत्र्यावर बुडबुडे चिकटून बसले की तेवढी जागा अडली, तिथे गळती. आणि दोन पत्र्यांच्या मधले पाणीच अडवू लागले तर तिथे. गेलेली वीज नाहीशी होत नाही, ती ऊब होते. धोंडूच्या गाडीचा आस मला आठवला.

"मग तुझी कुठे आहे?"

अण्णा तारांच्या सांध्यांवरून बोटे फिरवू लागले. "सांध्यांत असणार. खंडेनवमीला हिने सगळं यंत्र सोडून धुऊन पुजलं. मी पुन्हा जोडलं, ते चाचपडत. उभ्या जन्मात माझा सांधा सैल निघाला नव्हता, कृष्णे. आता हात पण गेले म्हणायचे."

त्या दिवसापासून मला दिव्याची काळजी राहिली नाही, माणसाची लागली. दिवा लागला नाही तरी आग्रह करून त्यांना मुंबईला नेता आले असते. पण हात गेले असे मानणारा माणूस शस्त्रक्रियेच्या मेजावर काय धीर धरणार?

सांधे मी स्वतः पाहिले. एकेक घट्ट होता. मी तसे सांगितले, तर "तू बहीण आहेस, असंच म्हणणार" म्हणाले. मग पत्र्यांवरचे बुडबुडे झटकून पाहिले. घडीभर बरे वाटले, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी वहिनींना हाक मारली, "अगं, तेजाबाचं पुन्हा एकदा बघ."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "खंडेनवमीलाच सांगितलं होतं ना इकडे? तेजाब वाढलंय."

"ऐकलंस? उलट जास्तच आहे," अण्णा मला म्हणाले. "तांब्याभर पाणी घाल बरणीत."

आणि मी, बाळांनो, निमूटपणे तांब्याभर पाणी घातले.

तांदळाचा डबा

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी धोंडू समोरच्या दूधवाल्याच्या बाकावर गप्पा मारत बसला होता. वहिनींनी खिडकीतून त्याला हाक मारली. "धोंडू, बाजाराकडे जातोयस तर वाण्याला सांग रे, घरातले तांदूळ वाढलेत. आजच धाडून दे."

माझ्या हातात विळीवर अर्धा चिरलेला दुधी होता. तो तसाच राहिला. तांदूळ वाढले असतील तर आणखी कशाला मागवायचे? आणि मग लहानपण आठवले. आमची आईसुद्धा घरात काही संपले असे कधी म्हणत नसे. मीठ संपले म्हणायचे नाही, कुंकू संपले म्हणायचे नाही. त्या जिनसा 'वाढत'. मुंबईला येऊन मी ते विसरले होते. अण्णांनी ते तांदळापुरते लक्षात ठेवले होते.

"वहिनी," मी विचारले, "तेजाब वाढलं म्हणजे काय हो झालं?"

त्यांनी पदराला हात पुसले. मग फडताळातून जाड काचेची बाटली काढून त्यांनी ती पालथी करून दाखवली. कोरडी ठणठणीत.

"खंडेनवमीला शिळं पाणी परसात ओतलं, नवं करायला बाटली उघडली, तर तळाशी पळीभर. तेवढंच घातलं. देवाच्या कामात नको तो शब्द कसा काढू? वाढलं म्हणून सांगितलं. इकडून म्हणणं झालं, मग पाणी घाल. घातलं. रोज विचारणं व्हायचं, रोज मी सांगत होते."

"परसात ओतलंत? अळूवर?"

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. दृष्ट कुणाची लागली ते त्यांना तेव्हा कळले.

मी मुख्य गोष्ट सांगितली तशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "म्हणजे माझ्यामुळे दिवा अडला." नवऱ्याचे काम निर्विघ्न व्हावे म्हणून त्यांनी शब्द जपला होता, आणि विघ्न त्या शब्दाचेच झाले. त्या ओटीवर यायला तयार होईनात. मी त्यांचा हात धरून नेले आणि अण्णांना सरळ सांगितले की बरणीत तेजाब जवळजवळ नाहीच, नुसत्या पाण्यातून तू वीज ढकलतो आहेस, आणि तुझे सांधे मुंबईच्या तारघरापेक्षा घट्ट आहेत.

मग अण्णांचे खांदे हलू लागले. मला वाटले रडत आहेत. ते हसत होते. "उभा जन्म दुसऱ्यांच्या तारा घेतल्या," ते म्हणाले, "एक अक्षर चुकू दिलं नाही. आणि घरातली तार उलटी वाचली! अगं, वाढलं म्हणजे... अगं देवा! आणि मी रोज पाणी घालतोय!"

"मग विचारायचं नाही का, किती वाढलं म्हणून?" वहिनी रडतारडता फणकारल्या.

"तू सांगायचं नाही का, की बाटली पालथी केली तर मुंगीसुद्धा बुडत नाही म्हणून?"

असे बराच वेळ चालले. मी मध्ये पडले नाही. ते भांडण ऐकायला फार गोड होते. शेवटी अण्णांनी तोड काढली. "तुला तो शब्द उच्चारायचा नाही ना? नको उच्चारू. भरलेलं असलं तर भांड्यावर एक टिचकी मार. आणि ते दुसरं असलं तर दोन. माझे कान शाबूत आहेत."

वहिनींनी विचार केला. "टिचकीला काही शास्त्रात हरकत नसावी," त्या म्हणाल्या, आणि रिकाम्या बाटलीवर नखाने दोन टिचक्या मारल्या.

खालापूर

तेजाब मिळणार कुठे? अण्णांचे तेजाब येत असे ते खालापूरच्या उस्मानभाईंकडून. त्यांचा सोड्याचा कारखाना होता: एक खोली, एक फिरवायचे यंत्र आणि गोटीच्या बाटल्यांच्या पेट्या. सोड्यातला वायू खडूवर तेजाब ओतून काढतात, म्हणून ते त्यांच्याकडे असतेच.

धोंडूच्या गाडीतून मी गेले. आस गप्प होता. वास अजून येत होता. खालापूरच्या वाटेला ओढे वाहत होते, बायका भात कापत होत्या, आणि एका शेतातून कुणीतरी ओरडले, "धोंडू रं, गाडीत नवरी हाय का काय, अत्तराचा वास येतोय!" धोंडूने माझ्या पांढऱ्या केसांकडे एकदा पाहिले आणि ओरडून सांगितले, "हाय, पर जरा उशीर झालाय!" मी पदर तोंडाला लावून हसले.

उस्मानभाई म्हणजे उंच, सडपातळ, मेंदी लावलेल्या दाढीचे गृहस्थ. मी सगळी हकीगत सांगितली. 'वाढलं' म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "आमची अम्मी बी असंच बोलायची! घरात कायपण सरलं की म्हणायची, बरकत झाली. एकदा बापाला सांगितलं, पिठाची बरकत झाली. बाप बिचारा पाव्हण्यांना जेवायला घेऊन आला!"

मग ते आत गेले आणि एकच बुधली घेऊन आले. मुंबईचा माल अजून यायचा होता, त्यांच्याजवळ तेवढीच होती, आणि दिवाळीची गिऱ्हाइके तोंडावर.

मी म्हटले, "निम्मं द्या. तुमचं काम अडेल."

"अवो बाई, लोकांनी चार दिवस सोडा नाय पिला तर कुणी मरत नाय. मास्तरांचा डोळा थांबणार हाय का?" त्यांनी बुधली गवतात बसवून गाडीत ठेवली. "फक्त दिवा लागंल त्या दिवशी मला सांगावा धाडा."

मला त्यांनी सोडा दिला. तो मी त्यांच्या ओट्यावर बसून प्यायले. घरी आल्यावर वहिनींना सांगितले, तेव्हा त्यांनी मला हातपाय धुवायला लावले. मग बुधलीकडे पाहून म्हणाल्या, "तेजाबाला बाई काही विटाळ नसेल. ते स्वतःच सगळं जाळतं." आणि दोन्ही हातांनी ती आत घेऊन गेल्या. त्या फडताळात ठेवताना उस्मानभाईंच्या मुलाबाळांना आयुष्य चिंतत होत्या, हेही मी ऐकले.

भाऊबीज

तेजाब घातले. (पाण्यात तेजाब घालायचे, तेजाबात पाणी नव्हे, हे वासूने पाठ करावे.) अण्णांनी जास्तीचे घट काढून टाकले आणि बरणीला कान लावला. पूर्वी तिथे मधूनच एखादा बुडबुडा बोलत असे. आता सोड्याची बाटली उघडल्यावर फेस कुजबुजतो तसा सलग आवाज येत होता. त्यांनी बरणीला तळवा लावला, तसाच ठेवला, आणि माझाही हात ओढून लावला. बरणी गार होती. अगदी गार नव्हे, वासू. थोडी ऊब राहतेच. पण आता जस्ताचे श्रम बरेचसे हंड्यात जात होते.

मुंबईहून आजोबांची तार आली, "चार दिवस कुठवर आले?" अण्णांनीच उत्तर सुचवले, "वाढले." ती तार वाचून आजोबांनी काय अर्थ घेतला देव जाणे.

भाऊबिजेच्या संध्याकाळी हायड्रोजनचा हंडा पुरता भरला होता, ऑक्सिजनचा निम्मा. उस्मानभाई आले, धोंडू आला, शेजारपाजारच्या बायका अंगणात जमल्या. पाट्यावरचा वरवंटा वहिनींनी हायड्रोजनच्या हंड्यावर ठेवला, म्हणजे वजनाने वायू नळीत चढावा. दुसऱ्यावर खलबत्त्याचा बत्ता. मी अण्णांना ओवाळले. मग त्यांनी आधी हायड्रोजन पेटवला. त्याची ज्योत इतकी फिकट की "लागलाच नाही" असे कुणीतरी म्हणाले. मग चाचपडत, एका नखाइतकी, त्यांनी दुसरी तोटी फिरवली.

चुन्याची कांडी आधी तांबूस झाली, मग पिवळी, आणि मग असा पांढरा उजेड पडवीभर झाला की बायकांनी पदर डोळ्यांवर घेतले. "आगं बया, चांदणं घरात आलं गं!" एक म्हणाली. उस्मानभाई हलकेच "सुभानअल्ला" म्हणाले.

अण्णा दिव्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे. मग त्यांनी मान वळवली. हंड्यापाशी, दिव्याच्या अगदी जवळ, वहिनी हंडा किती उतरला ते पाहत वाकल्या होत्या. अण्णा त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले, खांबाकडे नव्हे, शेजारी नव्हे, नेमके त्यांच्याकडे.

"अगं," ते म्हणाले, "तुझे केस पांढरे झाले की."

वहिनींनी वर पाहिले नाही. "इकडच्या तेजाबानंच झाले," त्या म्हणाल्या.

आणि थोड्याच वेळात त्यांनी हंड्यावर दोन टिचक्या मारल्या. अण्णांनी आधी ऑक्सिजनची तोटी बंद केली, मग दुसरी. धडाका नाही, काही नाही. उजेड मावळला आणि पुन्हा समईचा पिवळा प्रकाश उरला. दिवा एक विडा चघळून होईल इतकाच वेळ जळला असेल.

"कृष्णे, ओवाळणी काय घालू?" अण्णांनी विचारले.

"उद्या माझ्याबरोबर गाडीत बस."

"बसतो," ते म्हणाले.

परत

उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. अण्णा मेजावर एकदाही हलले नाहीत असे डॉक्टरांनी मला मुद्दाम बाहेर येऊन सांगितले. जाड भिंगांच्या चष्म्याने आता त्यांना मोठी अक्षरे वाचता येतात, वाट दिसते, माणूस ओळखू येतो. डावा डोळा गेला तो गेलाच. जे परत मिळाले त्याबद्दल मी देवाची, त्या डॉक्टरांची आणि आपली एकुलती एक बुधली देऊन टाकणाऱ्या उस्मानभाईंची ऋणी आहे. दिवाळीत त्यांच्याकडे सोडा नव्हता, म्हणून कर्जतचा माल तिकडे खपला, हे मला पुढे धोंडूकडून कळले. उस्मानभाई स्वतः त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.

वासू, मास्तर म्हणाले ते खोटे नाही, थोडे तापायचेच. पण किती तापायचे ते आपल्या हाती असते. पुन्हा प्रयोग झाला तर सांधे पाहा, पत्र्यावरचे बुडबुडे झटक, आणि तेजाब किती घातले ते मास्तरांना विचार. काय उत्तर येते ते नीट ऐक, आणि कळले असे वाटले तरी एकदा बाटली पालथी करून पाहा.

चिनी मातीची बरणी पुढच्या पावसाळ्यात तडकली. शिशाचे पत्रे उस्मानभाईंना दिले. हंडे घासूनपुसून पुन्हा पाण्याला लागले आहेत, अळू नव्या जागी लावले आहे, आणि दिवा पुन्हा काही लागला नाही. वहिनी अजून तो शब्द उच्चारत नाहीत. घरातले तांदूळ सरले की त्या डब्यावर दोन टिचक्या मारतात, आणि अण्णा ओटीवरून म्हणतात, "ऐकलं गं."